फोन लवकर ठेवू नका म्हणणारा मालक : झॅपोसचा टोनी शे

रातराणी

२००५ साली मी पुण्यात एका कॉल सेंटरला रात्रपाळी करत होते. फोन अमेरिकेतले, माल घरगुती वस्तूंचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक घड्याळ असायचं. फोन उचलला की ते पळायला लागायचं आणि २४० सेकंद उलटले की आकडे लाल व्हायचे. त्याला आम्ही एएचटी म्हणायचो, म्हणजे एका फोनमागे सरासरी किती वेळ गेला. इन्सेंटिव्ह त्यावरच ठरायचा.

एका रात्री ओहायोच्या एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या नावावरची ऑर्डर रद्द करायची होती. कारण यादीतून निवडावं लागायचं, म्हणून विचारलं. नवरा गेला, एवढं सांगून त्या गप्प झाल्या आणि मग बोलतच सुटल्या. तो कुठल्या खुर्चीत बसायचा, कुत्रा अजून दाराकडे कसा बघत बसतो. आकडे लाल झाले. सुपरवायझर येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी "आणखी काही मदत करू का?" हे ठरलेलं वाक्य म्हटलं. त्या मला सॉरी म्हणाल्या. त्यांनीच मला सॉरी म्हटलं, आणि फोन संपला.

पुढे काही वर्षांनी टोनी शे या माणसाबद्दल वाचलं, तेव्हा पहिल्यांदा ती रात्र आठवली. त्याच काळात नेवाडा राज्यात, लास व्हेगासच्या कडेला, त्याची झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी चालू होती आणि तिच्या फोनवाल्यांच्या समोर हे घड्याळ नव्हतं. समोर ठरीव वाक्यांचा कागदही नव्हता. २००७ मध्ये एका गिऱ्हाईक बाईंनी आजारी आईसाठी तिथून बूट मागवले होते. आई गेली, बूट परत पाठवायचे राहून गेले. कंपनीची चौकशी आली तेव्हा त्यांनी खरं कारण कळवलं. कंपनीने घरी माणूस पाठवून पार्सल उचललं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात फुलं आली. कुणाची परवानगी न घेता ती पाठवण्याची मुभा फोनवरच्या माणसाला होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

या माणसाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जमेल तसं लिहिते.

जन्म १२ डिसेंबर १९७३, इलिनॉयमधला. आईवडील तैवानहून आलेले. लहानपण सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत गेलं. घरात अभ्यास आणि वाद्यं यांची शिस्त कडक. याने काय करावं? पियानो आणि व्हायोलिनचा सराव टेपवर रेकॉर्ड केला आणि सकाळी सहाला खोलीचं दार लावून टेप लावून ठेवायला लागला. आईवडील खाली खूश. नवव्या वर्षी गांडुळं पाळून विकायचा बेत केला, गांडुळं सगळी गेली. मग टपालाने बिल्ले विकायला लागला. मुलं फोटो, एक डॉलर आणि पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवायची. हा फोटोचा बिल्ला करून परत पाठवायचा. महिन्याला सुमारे २०० डॉलर सुटायचे. मोठा झाल्यावर तो धंदा त्याने धाकट्या भावांकडे सोपवला. कधीही न पाहिलेल्या गिऱ्हाइकाने आधी पैसे पाठवायचे आणि आपण माल पोचवायचा, हा व्यवहार त्याच्या हाती शाळेतच बसला.

हार्वर्डला संगणकशास्त्र शिकताना वसतिगृहातलं खाण्याचं दुकान चालवायला घेतलं आणि पिझ्झा विकायला लागला. आल्फ्रेड लिन नावाचा एक मुलगा रोज अख्खे पिझ्झे न्यायचा. टोनीला वाटायचं, केवढा खातो हा! तो वरच्या मजल्यावर नेऊन एकेक तुकडा विकत होता. हाच लिन पुढे झॅपोसचा पैशांचा कारभार बघायला लागला.

१९९५ ला पदवी, मग ओरॅकलमध्ये नोकरी. पगार चांगला, काम कमी, आणि पाच महिन्यांत राजीनामा. मित्राबरोबर १९९६ मध्ये लिंकएक्स्चेंज काढली. छोट्या संकेतस्थळांनी एकमेकांच्या जाहिराती दाखवायच्या, असं तिचं काम. याहूने २ कोटी डॉलर देऊ केले, याने नाही म्हटलं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.५ कोटी डॉलरला घेतली. टोनी तेव्हा २४ वर्षांचा होता.

आणि इथे मला तो माणूस म्हणून आवडायला लागतो. कंपनी शंभरेक माणसांची झाल्यावर त्याला सकाळी उठून तिथे जावंसं वाटेना. आपणच काढलेल्या कंपनीत! सौद्याप्रमाणे वर्षभर थांबला असता तर त्याच्या वाट्याला सुमारे ४ कोटी डॉलर येणार होते. आधी गेला तर त्यातला पाचवा हिस्सा बुडणार होता. तो आधी निघून गेला.

झॅपोसची गोष्ट मोठी आहे, ती प्रतिसादांत लिहीन. आधी तुम्ही बोला.

---

माळ्यावरचा स्टॉक

रातराणी ताई, बूट म्हटल्यावर मला लिहावंच लागणार. आमचं सांगलीत चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं, आता मी बघतो.

ऑनलाइन विकायला बुटासारखा अवघड माल नाही. पुस्तक कुठेही घ्या, तेच पुस्तक येतं. बुटाचं एक मॉडेल म्हणजे एक वस्तू नसते. सहा ते दहा नंबर, त्यात तीन रंग, म्हणजे एका मॉडेलचे पंधरा प्रकार झाले. अमेरिकेत अर्धे नंबर आणि पायाची रुंदीही वेगळी धरतात. कंपनीचं खोकं येतं त्यात सात-आठ-नऊ जास्त, सहा आणि दहा एकेक. सात-आठ-नऊ पंधरा दिवसांत उडतात. मग गिऱ्हाईक येतं, मॉडेल आवडतं, नंबर नसतो. उरलेली कट साईज माळ्यावर जाते ती दिवाळीच्या सेलपर्यंत. माझ्या युजरनेमचा उगम तोच.

झॅपोसची सुरुवात नेमकी या दुखण्यातून झाली. निक स्विनमर्न नावाच्या तरुणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉलमध्ये हव्या त्या बुटाचा हवा तो नंबर आणि रंग मिळेना. १९९९ मध्ये त्याने साइट काढली. माल अजिबात नव्हता. गावातल्या एका दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले. कुणी ऑर्डर दिली की तिथूनच छापील किमतीला विकत घेऊन पाठवायचा. धंद्यात तोटा, पण लोक न घालून बघता बूट घेतात का, एवढं त्याला बघायचं होतं. लोक घेत होते.

पैसे गुंतवायला त्याने टोनीला विचारलं. टोनीने आधी नाही म्हणायचं ठरवलं होतं. मग स्विनमर्नने आकडा सांगितला : अमेरिकेतला बुटांचा बाजार ४,००० कोटी डॉलरचा आणि त्यातला ५ टक्के माल तेव्हाही कॅटलॉग बघून टपालानेच विकला जात होता. म्हणजे २०० कोटींचा धंदा बूट पायात न घालता चालूच होता. बिल्ले विकलेल्या पोराला ते चटकन कळलं असणार.

---

रातराणी

वा, माळ्याची गोष्ट तुमच्याशिवाय कुणी सांगितली नसती.

आता पुढचं. नाव झापातोस या बुटांसाठीच्या स्पॅनिश शब्दावरून. टोनीने आधी पैसे घातले, मग स्वतःच कामाला लागला. विक्री बघा : २००० मध्ये १६ लाख डॉलर, २००१ मध्ये ८६ लाख, २००२ मध्ये ३.२ कोटी. ऐकायला छान, पण या काळात तिजोरी सारखी रिकामी होत होती. डॉट-कॉमचा, म्हणजे नव्या इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला होता, नवीन पैसा द्यायला कुणी तयार नव्हतं. टोनीने स्वतःचे पैसे घातले, राहत्या इमारतीतली मालमत्ता एकेक करून विकली, शेवटी आवडता मोठा लॉफ्ट घेतल्या किमतीपेक्षा ४० टक्के कमी भावात देऊन टाकला. काही कर्मचारी त्याच्याच दुसऱ्या घरांमध्ये राहत होते. २००३ मध्ये बँकेने ६० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं तेव्हा कुठे श्वास घेता आला.

आणि अशा ओढाताणीत त्याने काय केलं, तर विक्रीचा एक चतुर्थांश भाग स्वतःहून बंद केला. तोवर बराच माल बूट बनवणाऱ्या कंपन्या परस्पर गिऱ्हाइकाला पाठवत. माल आहे म्हणून साइटवर दिसायचं आणि प्रत्यक्षात संपलेला असायचा. गिऱ्हाईक वाट बघत राहायचं. टोनीचं म्हणणं, जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. २००३ पासून फक्त स्वतःच्या गोदामातला माल विकायचा ठरलं.

---

ब्लूग्रास

गोदामाबद्दल मी सांगतो, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बरीच वर्षं आहे. लुईव्हिलला यूपीएस या कुरियर कंपनीचा विमानांचा मुख्य अड्डा आहे. रात्री अकरानंतर आकाशात दिव्यांची रांग लागते, एकामागून एक मालवाहू विमान उतरतं. देशभरची पार्सलं रात्रीत उतरवून, वेगळी करून, पहाटे पुन्हा उडतात. झॅपोसचं गोदाम तिथून जवळच, शेपर्ड्सव्हिलला होतं. मध्यरात्री ऑर्डर दिली तर सकाळी बूट दारात, हे शक्य व्हायचं ते यामुळे. आधी त्यांनी गोदामाचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं होतं, त्यात गोंधळ झाला. खोकी येऊन पडायची, नोंदच व्हायची नाही. मग २००२ मध्ये स्वतःचं गोदाम उभारलं आणि चोवीस तास चालू ठेवलं.

दुसरं म्हणजे, चार-पाच दिवसांत येईल म्हणून सांगायचे आणि न सांगता दुसऱ्या दिवशी पाठवायचे. माझ्या बायकोचे बर्फातले बूट असेच आले होते. आदल्या रात्री ऑर्डर दिली होती. दार उघडून ती खोक्याकडे बघतच राहिली. आजही सांगते.

---

येवल्याची सून

मी साड्या ऑनलाइन विकते, घरातूनच. त्यामुळे कळकळीने विचारते आहे : झॅपोसचा माल ३६५ दिवसांत परत करता यायचा, जातानाचा आणि येतानाचा दोन्ही खर्च कंपनीचा, हे परवडायचं कसं? आमच्याकडे आरटीओ हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. (गाडीवाला आरटीओ नव्हे. गिऱ्हाइकाने न घेतल्यामुळे परत आलेलं पार्सल.) कॅश ऑन डिलिव्हरीवर साडी जाते, दारात कुणी उघडत नाही, पंधरा दिवसांनी घडी विस्कटलेली परत येते आणि दोन्ही वेळचं भाडं माझ्या माथी.

---

माळ्यावरचा स्टॉक

वहिनी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. झॅपोसकडे साधारण तीनातला एक जोड परत यायचा. आणि जास्तीत जास्त परत करणारी माणसंच त्यांची सगळ्यात फायद्याची गिऱ्हाइकं होती. ती महागातले घेत, चार मागवून दोन ठेवत, आणि वर्षानुवर्षं येत राहत. २००८ पर्यंत तीन-चतुर्थांश विक्री जुन्या गिऱ्हाइकांची होती. जाहिरातीला जे पैसे गेले असते ते टोनीने भाड्यात आणि फोनवर घातले.

पण हे तुमच्या-माझ्या धंद्याला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही सांगतो. तिथे गिऱ्हाइकाने कार्डावर पैसे आधीच दिलेले असतात. तुमचं गिऱ्हाईक दारातच नाही म्हणू शकतं, त्याचं काहीच अडकलेलं नसतं. शिवाय बूट घालून बघितल्यावर पुन्हा खोक्यात जातो, पैठणीची घडी एकदा मोडली की मोडली. तुम्ही ३६५ दिवसांच्या नादी लागू नका. पाठवण्याआधी एक फोन करा. आमचे वडील एक वही ठेवतात, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि शेरा : "उजवा पाय मोठा", "चामडं सोसत नाही", "मुलीचं लग्न वैशाखात". माणूस दोन वर्षांनी आला तरी वडील बसल्या जागी नंबर सांगतात. परत येणारा माल आमच्याकडे नगण्य आहे, त्याला कारण ती वही.

---

नियमित वाचक

धागा उत्तम, पण भारावून जाण्याआधी दुसरी बाजूही मांडतो. टोनी कंपनीला कुटुंब म्हणायचा आणि आनंदाच्या गोष्टी करायचा. कंपनी म्हणजे कुटुंब, असं म्हणणाऱ्या मालकांची मला भीती वाटते. २००८ च्या मंदीत याच कुटुंबातल्या ८ टक्के लोकांना घरी पाठवलं. २००९ मध्ये कंपनी ॲमेझॉनला विकली. पुढे होलॅक्रसी आणली, म्हणजे साहेबच नको, कामांच्या वर्तुळांनी कारभार करायचा. २०१५ मध्ये सगळ्यांना सांगितलं, पटत नसेल तर पैसे घ्या आणि जा. सुमारे १४ टक्के लोक गेले. पुढे ती पद्धतही हळूहळू मागे पडली. माणसांवर प्रयोग करायचे आणि त्याला आनंद म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

रातराणी

तुमचा राग समजतो, आणि होलॅक्रसीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. ज्यांना कुणाकडे जाऊन अडचण सांगायची हेच कळेना, त्यांचे हाल झाले असणार.

पण २००८ ची गोष्ट वेगळी. ज्यांना काढलं त्यांना वर्षअखेरपर्यंतचा पगार दिला, जुन्यांना त्याहून जास्त, सहा महिन्यांच्या आरोग्य विम्याचे पैसे दिले. टोनीने स्वतः सगळ्यांना पत्र लिहून कळवलं आणि तेच पत्र जाहीरही केलं. मी जिथे होते तिथे एका सकाळी कार्ड लावल्यावर दारच उघडलं नाही, एवढ्यावरून चाळीस जणांना नोकरी गेल्याचं कळलं होतं.

ॲमेझॉनचं म्हणाल तर, जेफ बेझोस २००५ मध्येच भेटून गेले होते, तेव्हा टोनीने नकार दिला. २००७ मध्ये ॲमेझॉनने एंडलेस नावाचं बुटांचं स्वतःचं दुकान समोर उभं केलं. मग मंदी आली. संचालक मंडळातल्या गुंतवणूकदारांना आपला पैसा सुटायला हवा होता आणि टोनीचे हे सगळे उद्योग म्हणजे लाड वाटत होते. मंडळ त्याला काढू शकलं असतं. जुलै २००९ मध्ये सौदा जाहीर झाला, बहुतांश रक्कम ॲमेझॉनच्या शेअरमध्ये. पूर्ण होताना किंमत १२० कोटी डॉलरवर गेली. झॅपोस वेगळी राहील आणि आपल्या रीतीने चालेल, ही अट त्यात होती. पुढची अकरा वर्षं तो तिथेच राहिला. त्याचा पगार वर्षाला ३६,००० डॉलर होता.

---

पिंपळपान

एचआरमध्ये असल्यामुळे एका गोष्टीबद्दल लिहिते. झॅपोसमध्ये नव्या माणसाला, मग तो हिशेबनीस असो की वकील, चार आठवडे प्रशिक्षण असायचं आणि त्यातले दोन आठवडे फोनवर बसावं लागायचं. त्या दरम्यान कंपनी म्हणायची : आज सोडून जात असाल तर झालेल्या दिवसांचा पगार, वर २,००० डॉलर. सुरुवात १०० डॉलरपासून झाली होती, रक्कम वाढवत नेली. फार थोडे लोक घ्यायचे.

मी हे आमच्याकडे सुचवलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. पण विचार करा, जो पैसे नाकारून राहिला त्याने घरी जाऊन बायकोला किंवा आईला सांगितलं असणार की मी का राहिलो. दोन आठवड्यांच्या नोकरीत माणसाला एवढा विचार कुणी करायला लावतं का?

---

रातराणी

पिंपळपान, अगदी. फोनच्या बाबतीत आणखी एक सांगते, मग शेवटाकडे येते. २००४ मध्ये कंपनी सॅन फ्रान्सिस्कोहून लास व्हेगासजवळ हलवली, ती मुळात फोनसाठी. सॅन फ्रान्सिस्कोत फोनचं काम म्हणजे पुढची नोकरी मिळेपर्यंतचा टेकू. व्हेगास रात्रभर जागं असतं, पाहुण्यांची सरबराई हाच तिथला मुख्य धंदा, त्यामुळे तिथे हे काम लोक आयुष्यभराचं म्हणून करतात. ९० पैकी ७० माणसं घरदार हलवून बरोबर गेली. हवा तो बूट नसेल तर फोनवाला दुसऱ्या तीन दुकानांच्या साइट बघून कुठे मिळेल ते सांगायचा. एक फोन दहा तासांहून जास्त चालला, आणि कंपनीने तो अभिमानाने सांगितला. आमच्याकडे त्या मुलाला त्याच रात्री घरी पाठवलं असतं.

२०१२ मध्ये टोनीने व्हेगासच्या जुन्या, ओस पडलेल्या मध्यवस्तीत स्वतःचे ३५ कोटी डॉलर घालायला घेतले : घरं, हॉटेलं, छोटी दुकानं, शाळा. २०१३ मध्ये झॅपोसचं ऑफिस तिथल्या जुन्या सिटी हॉलमध्ये गेलं. एवढा पैसा असून तो स्वतः तिथेच एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, राहायचा, अंगणात अल्पाका (लोकरीचे प्राणी) पाळलेले, सगळ्या ट्रेलरवाल्यांची शेकोटी एकच. लोक येता-जाता एकमेकांना भेटले पाहिजेत, हा त्याचा ध्यास. त्यातले बरेच धंदे बुडाले, बरेच टिकले.

२०२० मध्ये करोनाने माणसांचं भेटणंच बंद केलं. तो युटामधल्या पार्क सिटीला गेला. ऑगस्टमध्ये झॅपोस सोडली. नंतर छापून आलं ते वाचवत नाही : दारू, नशा, बिघडत गेलेलं मन, आणि भोवती त्याच्या पैशावर राहणारी माणसं. जुने मित्र काळजीने सांगायला गेले, ते दूर सारले गेले. १८ नोव्हेंबरला पहाटे कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला एका घराच्या साठवणीच्या खोलीत आग लागली, तो आत होता. २७ नोव्हेंबरला गेला. वय ४६.

---

नियमित वाचक

हे माहीत नव्हतं. वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण वाचून फार वाईट वाटलं. माझा धाकटा भाऊ असाच माणसांत राहून एकटा पडत गेला होता. आम्ही सगळे त्याच्या घरी जेवून यायचो आणि तो कसा आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आता बरा आहे. रविवारी त्याच्याकडे जातो आहे.

---

येवल्याची सून

भाऊंना नमस्कार सांगा.

मी कालपासून पार्सल पाठवण्याआधी फोन करायला लागले. पाच केले. एका आजींनी साडी नातीच्या बारशासाठी हवी म्हणून सांगितलं आणि बारसं सोमवारी होतं. नेहमीच्या कुरियरने ती बुधवारी पोचली असती. आज सकाळी एसटीच्या पार्सलने पाठवली.

रातराणी ताई, एक विचारू का? ओहायोच्या त्या बाईंची ऑर्डर कसली होती?

---

रातराणी

बागेला पाणी घालायची नळी. पन्नास फुटी, हिरवी.